कृष्णात पोवारचा कोरडा पूल

कृष्णात पोवारला गळकी तोटी बघवत नाही. लग्नाचा मांडव असो, एसटी स्टँड असो, की परक्याचं अंगण असो, तोटी टपकताना दिसली की हा गडी वाट वाकडी करून जाणार आणि ती आवळणार. आवळूनही थांबली नाही तर खिशातली चिंधी काढून तिला बांधणार. त्याच्या खिशात चिंध्या असतात. गावानं त्याचं नाव तोटीसाहेब ठेवलंय. बायको स्वप्नाली चारचौघांत हसते आणि घरी आल्यावर वैतागते, कारण पाहुण्यांच्या बैठकीतून उठलेला नवरा शोधायला तिला दर वेळी त्यांच्या मोरीपर्यंत जावं लागतं.

माणसाला असला नाद उगीच लागत नाही. कृष्णात बांधकामावरचा सुपरवायझर. आयटीआय झाल्यापासून रस्ते, मोऱ्या, पूल हेच त्याचं जग. ज्या ठेकेदाराकडं काम निघेल त्याच्याकडं जायचं, उन्हात उभं राहायचं आणि माणसांवर ओरडायचं. या धंद्यात पाण्याची जी नासाडी चालते ती त्यानं जवळून बघितली होती. काँक्रीटवर पाईप सोडून माणसं झाडाखाली घोरायची आणि पाणी बांधकाम भिजवून, रस्ता भिजवून गटारात जायचं. धूळ बसावी म्हणून सकाळी मारलेला अख्खा टँकर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाळून जायचा आणि धूळ पुन्हा होती तशी. मिक्सर धुतलेलं पाणी खड्ड्यात निवळू द्यावं, त्याच पाण्यानं दुसऱ्या दिवशी मिक्सर धुवावा, एवढी साधी गोष्ट सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला. ऐकून घ्यायचे सगळे. करायचं कुणीच नाही.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. कोल्हापूरच्या माणसाला पाणी जपून वापर म्हणणं म्हणजे पैलवानाला दूध बेतानं पी म्हणण्यातला प्रकार. पंचगंगा आहे, धरणं आहेत, उसाला पाटानं पाणी आहे, आणि महापुरात पत्र्यावर बसून रात्र काढलेल्या माणसाला पाण्याचा तुटवडा पटवून देणार कोण? पण कृष्णातच्या गावच्या, गडमुडशिंगीच्या पल्याडचा चिंचमळा माळाच्या अंगाला. नदीचा पूर तिथं कधी पोचला नाही आणि नदीचं पाणीही कधी पोचलं नाही. वीस-पंचवीस घरांची ती वस्ती एका दगडी विहिरीवर जगते. नळयोजना आहे, तिचे नळही आहेत, त्यांतून बहुतेक दिवस हवा येते.

या चिंचमळ्याच्या ओढ्यावर पूल मंजूर झाला आणि ते काम नेमकं कृष्णातच्या ठेकेदाराला मिळालं. गाव खूश, कृष्णात त्याहून खूश. दर पावसाळ्यात जुनी मोरी पाण्याखाली जायची, दूध डेअरीला पोचायचं नाही, पोरं शाळेला मुकायची. आपल्याच गावचा पूल आपल्या हातून होणार म्हटल्यावर त्यानं पहिल्या दिवशी ग्रामदैवताला नारळ फोडला. सुख एवढंच. तिथून पुढं नुसता मनस्ताप.

खांब उभे राहिले, भिंती उभ्या राहिल्या. त्यांना पाणी मारायला टँकर लागायचा आणि टँकर भरायला सगळ्यांत जवळ होती ती चिंचमळ्याची विहीर. ठेकेदारानं सरपंचाला विचारलं, सरपंचानं हो म्हटलं. वस्तीतल्या बायकांना कुणी विचारलं नाही. चैत्र सरता सरता विहिरीनं तळ गाठला.

त्या वस्तीत कृष्णातची आत्ती राहायची. बायडाबाई, बापाची सख्खी बहीण. नवरा लवकर गेला, पोरगं पुण्याला चिकटलं, ही दोन म्हशींवर तिथंच राहिली. कृष्णातची आई तापानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच बाईनं त्याला महिनोन् महिने सांभाळलं होतं. एका सकाळी टँकर भरायला माणूस गेला आणि परत येऊन म्हणाला, पाईपला पाणी लागत नाही, विहिरीत एक म्हातारी बसलीय. कृष्णात जाऊन बघतो तर गुडघे धरून धरून पायऱ्या उतरलेली बायडाबाई तळाच्या चिखलात बसून वाटीनं पाणी गोळा करत होती. वाटी भरायची, घागरीत ओतायची, झऱ्याला पुन्हा पाणी सुटेपर्यंत थांबायचं. तिच्या डोक्यावर कंपनीचा जाड पाईप लोंबत होता. कृष्णातला इतकी लाज वाटली की त्यानं तिला हाकही मारली नाही. तो खाली उतरला, घागर भरेपर्यंत तिच्या शेजारी बसला आणि घागर वर आणून दिल्यावर एवढंच म्हणाला, "आत्ती, हितनं फुडं ह्या हिरीला टँकर लागणार न्हाय. माझा शबूद हाय."

शब्द देणं सोपं. तो पाळायला कृष्णातचे जोडे झिजले. पुलाचा स्लॅब अजून व्हायचा होता, आणि स्लॅबला सगळ्यांत जास्त पाणी. त्याला ठाऊक होतं की काँक्रीटला वरून पाणी लागतं असं नाही, आतलं पाणी आत राहिलं म्हणजे झालं. त्यासाठी एक पांढरं औषध मिळतं. ताज्या काँक्रीटवर पंपानं फवारलं की साय धरावी तसा पातळ पापुद्रा धरतो आणि आतला ओलावा उडून जात नाही. मोठमोठ्या महामार्गांवर सर्रास वापरतात. पण ठेकेदाराच्या ऑफिसात औषध म्हटलं की खर्च दिसायचा आणि विहीर म्हटलं की फुकट दिसायची. साइट इंजिनिअर श्रेयस शिरोळकडचा, जैन घरातला, मनानं सरळ पोरगा. त्याला पटायचं, पण ठेकेदारसाहेबापुढं तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. शेवटी कृष्णातनं वाटीनं पाणी भरणाऱ्या आत्तीचा, त्या सकाळी टँकरवाल्यानं मोबाइलवर काढलेला फोटो साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि हा पेपरात गेला तर काय होईल तेवढं विचारलं. औषधाचे डबे आठवड्यात आले. साहेबानं त्याचा चेहरा मात्र लक्षात ठेवला.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडं स्लॅब म्हणजे घरचं कार्य. त्या दिवशी मजुरांना मटणाचं जेवण, गल्लीला पेढे, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पाईप. स्लॅबवर मातीचे बांध घालून आळी करायची आणि उसाचा वाफा तुंबवावा तशी ती तुंबवायची. येणारा-जाणारा खुशाली विचारायच्या आधी विचारतो, पाणी मारलं काय? मुलगी द्यायला आलेली माणसंसुद्धा नव्या घराच्या छताकडं बघून सासऱ्याला हळूच विचारतात की पाणी किती दिवस मारलं होतं. पाण्यात हात आखडणारा माणूस म्हणजे कामात खोट करणारा माणूस, हा इथला कायदा. तो कुणी लिहिलेला नाही म्हणूनच तो मोडता येत नाही.

स्लॅब पडला. गावानं मटण केलं. सायंकाळी कृष्णातनं स्वतः उभं राहून औषध फवारून घेतलं आणि पूल पांढराफेक दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गाव बघायला आलं. सगळ्यांत पुढं पिराजी आण्णा. कृष्णातचे चुलते, जुने गवंडी, गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी स्लॅबवर पाय ठेवला, खाली वाकून हात फिरवला, हाताला पांढरं लागलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

कृष्णातनं समजावलं. औषध काय करतं ते सांगितलं, मोबाइलवर महामार्गाचे फोटो दाखवले, दुधावरच्या सायीचं उदाहरण दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आण्णांना तो खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं, ते त्याहून वाईट होतं. कंपनीनं आपल्या भोळ्या पुतण्याला बनवलंय असं त्यांना वाटत होतं.

"आरं लेकरा, चुना मारून पूल टिकला आस्ता तर आमी जल्मभर पाणी कशाला वाहिलं आस्तं?" ते म्हणाले. "कंपनी उद्या जाईल निघून. ह्या पुलावनं आपली पोरं जाणार हाईत. तू गप घरी जा. गाव बगून घील."

आणि गावानं बघून घेतलं. कृष्णात दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा पुलापाशी जत्रा भरली होती. कुणी ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून आणलेली, कुणी बैलगाडीत पिंपं आणलेली, तरुण मंडळाची पोरं बनियनवर. स्लॅबवर चिखलाचे बांध पडले होते, सुबक, उसाच्या सरीसारखे, आणि त्यात घोटा बुडेल एवढं पाणी तुंबलं होतं. पाणी कुठून आणलं हे विचारायची गरजच नव्हती. चिंचमळ्याच्या विहिरीवर दोन मोटारी धडधडत होत्या.

कृष्णातच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं धावत जाऊन एक मोटार बंद केली, कुणीतरी ती परत चालू केली. त्यानं ओरडून सांगितलं की ही प्यायची विहीर आहे, चार घागरी पाणी उरलंय, ते तुम्ही दगडावर ओतताय. पोरं हसली. तोटीसाहेबाला त्रास झाला, असं एक जण म्हणाला. कुणाच्याच डोक्यात वाईट काही नव्हतं, हीच तर त्याची खरी पंचाईत होती. चोर असते तर पोलिसात गेला असता. ही माणसं घरची कामं टाकून, पदरचं डिझेल घालून, उन्हात घामाघूम होऊन गावाचं भलं करत होती, आणि भलं करता करता एका वस्तीच्या तोंडचं पाणी काढून घेत होती.

तो आत्तीकडं धावला. तू तरी अडव म्हणाला. बायडाबाई विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती आणि तिनंच मोटारीचा दोर धरून ठेवला होता.

"समदं गाव दारात आल्यावर न्हाय कसं म्हणू?" ती म्हणाली. "पुलासाटनं हाय म्हंत्यात. मी बाई मानूस, मी पुलाला पाणी न्हाय म्हटलं म्हंजे उद्या पुलाला तडा गेला तरी माझंच नाव की."

दुपारी विहिरीत पुन्हा चिखल दिसला तेव्हा जत्रा पांगली. उद्या परत येऊ, असं सांगून गेली. कृष्णात तुंबलेल्या स्लॅबकडं बघत बसला. रागानं त्याला जेवण गेलं नाही. आपण शहाणे असून उपयोग काय, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. साहेबाशी भांडता येतं, चुलत्याशी कसं भांडायचं? आणि खरं सांगून जी विहीर वाचत नाही ती वाचवायची कशी?

मग त्यानं ते केलं जे करताना त्याला स्वतःची शिसारी आली.

त्यानं आण्णांच्या घरी जाऊन पाय धरले. चुकलं म्हणाला. तुमचं खरं होतं, कंपनीला मी झापलंय, उद्यापासून कंपनी नदीवरून टँकर आणून रात्रंदिवस पाणी मारणार, गावानं त्रास घ्यायचा नाही, अशी थाप ठोकली. आण्णांचे डोळे पाणावले. पोरगं आपल्या रक्ताचं आहे, शेवटी वळणावर आलं, असं ते आपल्या बायकोला म्हणाले, आणि कृष्णातला चहा पाजूनच सोडलं.

दुसऱ्या दिवशी चिखलाचे बांध निघाले होते आणि पुलावर सगळीकडं बारदानं अंथरलेली दिसली. गोणपाटाची ती जाड पोती बघून गावाला हायसं वाटलं, कारण ओली बारदानं म्हणजे काळजीनं केलेलं काम. पुलाच्या तोंडाशी एक टँकर उभा राहिला. तो रिकामा होता. कृष्णात गावातून येताना एका पिंपात नदीचं पाणी भरून आणायचा आणि माणसं डेअरीला निघायच्या वेळी, पुन्हा सायंकाळी परतायच्या वेळी, हातात पाईप धरून रस्त्याकडच्या बारदानांवर शिंपडायचा. मधली बारदानं कोरडी ठणठणीत. खाली औषधाचा पापुद्रा आपलं काम मुकाट्यानं करत होता. आण्णा रोज यायचे, कडेचं पोतं उचलून हात लावायचे, गार लागलं की मान हलवायचे आणि पुतण्याच्या पाठीवर थाप मारून जायचे. आयुष्यभर काम चोख करून ते कुणाला दाखवता न आलेला हा माणूस आता दाखवण्याचंच काम करत होता, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळत होती.

विहीर हळूहळू वर आली. आधी एक पायरी बुडाली, मग पुढची. बायडाबाईची वाटी घरात गेली. ते बघितलं की कृष्णातला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की पुन्हा स्वतःचा राग यायचा.

पावसाच्या तोंडावर पुलाच्या चाचण्या झाल्या. काँक्रीट उत्तम भरलं होतं. स्लॅबनंतर दुसऱ्या कामावर गेलेल्या श्रेयसनं येऊन त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि पुढं सहज सांगितलं की ओढ्याच्या वरच्या अंगाला माळवाडीच्या पुलाचं कामही सुरू झालंय, पण तिथं औषध वापरायचं नाही असं साहेबांनी ठरवलंय. लोकांना पाणीच पाहिजे असतं, पाणी मारलं की तक्रार येत नाही, तुझ्या गावात बघितलंच की आपण, असं साहेब म्हणाले. कृष्णातनं कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं श्रेयसला सगळं खरं सांगितलं. श्रेयस म्हणाला, "कृष्णातदादा, हे आता मी वर कसं सांगू? तुम्हीच सगळ्यांना ओली बारदानं दाखवलीत."

उद्घाटनाला मांडव पडला. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं आली. आण्णांनी कृष्णातला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि माईकवर सांगितलं की कंपनी चुना मारून पळायला बघत होती, पण आमच्या पुतण्यानं नोकरीची पर्वा न करता तिला पाणी मारायला लावलं, म्हणून हा पूल शंभर वर्षं हलणार नाही. टाळ्या झाल्या. मग माळवाडीचे सरपंच अमरसिंह उठले. त्यांनी जाहीर केलं की आमच्याही पुलाला असंच दणकून पाणी मारायचं, गावच्या दोन्ही विहिरी आम्ही कंपनीला मोकळ्या करून देतोय, आणि कृष्णातरावांनी जातीनं लक्ष घालावं.

कृष्णातला बसवेना. तो उठला आणि आण्णांच्या हातातला माईक त्यानं जवळजवळ ओढूनच घेतला. "आईका जरा," तो म्हणाला. "ह्या पुलावर पाणी मारलेलंच न्हाय. तुमी मारलं त्ये एकच दीस. फुडं समदा देखावा हुता. टँकर रिकामा हुता. पूल त्या पांढऱ्या औषधावर उभा हाय. माळवाडीच्या हिरी उपसू नका."

पहिल्यांदा आण्णा हसले आणि त्यांच्यामागं सगळा मांडव हसला. आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून माईक परत घेतला आणि म्हणाले, मी सोता रोज हात लावून बघितलंय मंडळी, बारदान कधी वाळू दिलं न्हाय ह्यानं, आन् आता कसा लाजतोय बघा. पुन्हा टाळ्या. कुणीतरी त्याच्या तोंडात पेढा घातला. कृष्णात ओरडून बोलत होता, पण माईक त्याच्याकडं नव्हता आणि हलगी सुरू झाली होती.

फेटा काखेत मारून तो मांडवामागून निघाला तो थेट आत्तीच्या दारात. बायडाबाई मांडवात बायकांच्या बाजूला बसून आली होती आणि आता म्हशीला वैरण टाकत होती.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "टँकरवाला टँकरच्या सावलीत झोपायचा. भरलेला टँकर गळतो, ह्यो कवा गळला न्हाय. आन् नदीला भराया जाताना बी कवा दिसला न्हाय."

"मग मांडवात का बोलली न्हाईस, आत्ती? तू एक बोलली आस्तीस तर आण्णा गप झालं आस्तं. तुझं त्ये आईकत्यात."

बायडाबाईनं वैरणीचा हात थांबवला. खाली बघून म्हणाली, "आमच्या हिरीला पाणी हाय आता. कशाला बोलू?"

कृष्णातला तिचा राग आला, आणि तो राग तिच्यावर टिकेना. त्या महिनाभरात त्यानं स्वतः दुसरं काय केलं होतं? आपल्या आत्तीच्या विहिरीला पाणी येईपर्यंतच त्याची हुशारी चालली होती. खरं बोलायची वेळ होती तेव्हा त्यानं बारदानं अंथरली, आणि आता खरं बोलला तर ते लोकांना विनय वाटत होता.

अंगणातून पूल दिसत होता. फीत कापून झाली होती आणि नव्या पुलावरून पहिली वाहनं जायला लागली होती. सगळ्यांत पुढं आण्णांचा ट्रॅक्टर होता, हार घातलेला, मागं पाण्याची टाकी जोडलेली. त्याच्या मागं तरुण मंडळाच्या पोरांचे दोन. माळवाडीच्या पुलाचे खांब नुकतेच भरले होते आणि तिथं माणसं कमी, म्हणून गडमुडशिंगीचं गाव मदतीला निघालं होतं.